रकान्यात नसलेलं लेकरू

माझ्या खोलीच्या दारावरची पाटी नोकरीत तीनदा बदलली. पहिली होती 'गुप्तरोग विभाग'. लाल रंगात, हातभर अक्षरं. रोग गुप्त ठेवायचा आणि पाटी मात्र एसटी स्टँडवरून वाचता यावी, हे फक्त सरकारलाच सुचू शकतं. त्या पाटीखाली वर्षभर कुणी फिरकलं नाही. दुसरी पाटी इंग्रजी आद्याक्षरांची आली. ती बघून लोक बँकेचं काम समजून पासबुक घेऊन यायचे. तिसऱ्या पाटीवर 'सुरक्षा' हा शब्द होता. त्या महिन्यात दोन पोरं वॉचमनच्या जागेचा अर्ज घेऊन आली.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी अठरा वर्षं समुपदेशक होते. कंत्राटावर. कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही, त्याचं कंत्राट पुढं वाढत नाही, एवढंच. त्यामुळं मला निरोप समारंभ, नारळ, शाल वगैरे काही मिळालं नाही. एका सोमवारी गेले नाही, इतकंच.

समुपदेशक म्हणजे काय करतो, हे माझ्या सख्ख्या भावालाही शेवटपर्यंत कळलं नाही. सोपं आहे. डॉक्टर बघतात, नाव सांगतात, गोळ्या लिहितात. बाहेर रांग असते, त्यांचाही नाइलाज असतो. मग रोगी माझ्याकडं येतो. त्याच्या हातात चिठ्ठी असते आणि पोटात गोळा. चिठ्ठीचं काम औषधाच्या खिडकीवर होतं, गोळ्याचं माझ्याकडं. आजार कसा झाला, कसा वागतो, कुणाला होऊ शकतो, कुणाला होत नाही, घरी काय सांगायचं, हे सगळं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून बोलायचं. दार लोटून घ्यायचं आणि ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. माझ्या आईनं विचारलं तरी सांगायचं नाही. आणि ती विचारायची.

माझी खोली तगली ती शेजारणीमुळं. शेजारच्या खोलीत डोळे तपासायचे. व्हरांडा एक, बाक एक. त्यामुळं माझा रोगी घरी सांगून यायचा, "डोळे दाखवायला चाललो." बाकावर बसायचा, इकडंतिकडं बघायचा आणि ओळखीचं कुणी नाही असं दिसलं की माझ्या दारात घुसायचा. एका बाईचा नवरा मला बाजारात भेटून म्हणाला, "म्याडम, आमच्या हिच्या नंबरचं काय झालं?" मी म्हटलं, "उतरला."

येरमाळ्याकडच्या हायवेवर धाबा चालवणारे एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात मोठा मोबाईल. "म्याडम, माझ्या एका मित्राला त्रास हाय," म्हणाले आणि मित्राचा त्रास इतका बारकाईनं सांगितला की तेवढा माणूस स्वतःचाही सांगत नाही. मी म्हटलं, "मित्राला घेऊन या. बघितल्याशिवाय औषध देता येत नाही." मला वाटलं, आता हसेल आणि कबूल होईल. पुढच्या आठवड्यात ते खरोखर एक मित्र घेऊन आले! वाशीकडचा साधाभोळा शेतकरी. त्याला सांगितलं होतं, फुकट डोळे तपासतात. तो माझ्यासमोर बसून मोतीबिंदूचं विचारायला लागला, आणि धाबेवाले भिंतीकडं बघत उभे. मित्राला शेजारच्या खोलीत पाठवलं, दार लोटलं आणि म्हटलं, "बसा आता." बसले. दोघांचंही काम झालं. त्या मित्राला खरंच मोतीबिंदू निघाला.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात, आणि मलाही सांगायला आवडतं. पण ज्या बाईसाठी मी हे लिहायला घेतलं, तिची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यात माझी चूक आहे.

तिला मी नसीम म्हणेन. नाव खरं नाही. येडशीची. सासरे शिंपीकाम करायचे, शाळेच्या गणवेशाचं बरंच काम त्यांच्याकडं असायचं. नवरा सलीम ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं वेल्डिंग करायचा. अडीच वर्षांची एक मुलगी, आलिया. होळीच्या आगेमागे नसीम पहिल्यांदा आली तेव्हा तिला चालताना त्रास होत होता. तीन दिवस ताप, खाली बारीक पाण्याचे फोड, लघवीला आग. आधी गल्लीतल्या कुणीतरी 'नागीण हाय' म्हणून काव उगाळून लावायला दिली होती. डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, हर्पीस.

आपल्याकडं फोडांचा पुंजका दिसला की सरसकट नागीण म्हणायची सवय आहे. कमरेला वेढा घालणारी नागीण वेगळी. हे तिच्याच भाऊबंदकीतले दोन विषाणू. एक बहुतेक करून ओठावर येतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड उठतात, त्याला आपण 'ताप मुतला' म्हणतो आणि चारचौघांत हसून सांगतो. दुसरा बहुतेक करून कमरेखाली येतो, आणि त्याचं नाव काढायची सोय नसते. विषाणूंना ही लाजलज्जा ठाऊक नाही, ते कधीकधी जागाही बदलतात. दोघांचा स्वभाव एकच. एकदा शिरले की नसेच्या मुळाशी जाऊन झोपतात. ताप, जागरण, काळजी असं काही झालं की उठतात, आठवडाभर धिंगाणा घालतात आणि परत झोपतात. गोळ्यांनी धिंगाणा कमी होतो, मुक्काम हलत नाही. पुष्कळांच्या अंगात ते असतात आणि त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही.

हे सगळं मी नसीमला नीट सांगितलं. कुणामुळं झालं, हा प्रश्न मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी सोडून दिला होता. त्याचं उत्तर बऱ्याचदा सापडत नाही, आणि शोधताना घर मोडतं. सलीमलाही बोलावलं. तो आला, मान खाली घालून बसला, सगळं ऐकलं आणि जाताना म्हणाला, "म्याडम, हिला काय बोलणार न्हाय मी. मला बी असंल." असे नवरे रोज बघायला मिळत नाहीत. मी खूश झाले. माझ्या रजिस्टरचे सगळे रकाने भरले होते. वय, गाव, लक्षणं, जोडीदाराची तपासणी, गोळ्या, पुढची तारीख. सुंदर अक्षरात. वरच्या कार्यालयाच्या साहेबांनी माझ्या रजिस्टरचं नेहमी कौतुक केलं.

पुढच्या तारखेला नसीम आली नाही. बरी झाली असेल, असं मी समजले.

श्रावणात एका सोमवारी मी रामलिंगच्या देवळात जाऊन परत निघाले होते. येडशीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. गर्दी, नारळवाले, भिजलेले लोक. रस्त्याच्या पलीकडून नसीम येत होती. मागं आलिया. रस्ता ओलांडताना पोरीनं आईचा हात धरायला हात वर केला, तर नसीमनं आपला हात झटकन छातीशी घेतला आणि ओढणीचं टोक पुढं केलं. "हात नक्को. ओढनी पकड." पोरीला ते अंगवळणी पडलेलं दिसत होतं. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि आईच्या मागं हातभर अंतर ठेवून रस्ता ओलांडला. ट्रकवाला हॉर्न मारत होता, तरी त्या बाईनं पोरीला हात लावला नाही.

माझं काय चुकलं ते मला तिथंच, रस्त्यावरच कळलं.

मी तिला टपरीच्या आडोशाला घेतलं. विचारलं, हे कधीपासून? ती हळू आवाजात बोलायला लागली. "तुमच्याकडनं आल्यापासनं, म्याडम. तिचं ताट येगळं, टॉवेल येगळा. झोपती सासऱ्याजवळ, अब्बाजवळ. आंघोळ बी अब्बाच घालतेत. लई रडायची आधी. आता न्हाय रडत."

"अगं, पण असं करायला कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. मोबाईलवर बघितलं. लहान लेकराला लागलं की डोळे जातेत, मेंदूत जातंय, मरतंय बी. मग भ्या वाटलं. तुमाला विचारावं वाटलं, पर तुमी लेकराचं काईच बोलला न्हाईत. म्हणलं, वाईट असंल म्हणूनच म्याडम बोलल्या नसतील."

माझ्या रजिस्टरात जोडीदाराला चार रकाने होते आणि लेकराला एकही नव्हता. मी रकान्याप्रमाणं प्रश्न विचारत गेले. समोरच्या बाईला मूल आहे का, ती त्याला पाजते का, कुशीत घेऊन झोपते का, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः दोन मुलं वाढवलेली बाई. तरी आलं नाही. नोकरी माणसाला असं करते. माझी मलाच लाज वाटली, आणि अजून वाटते.

ती पुढं म्हणाली, "आता पाचवा म्हैना लागलाय मला. हे झालं की नणंदेकडं द्यायचं. लातूरला हाय ती, तिला मूल न्हाय. अजून घरात बोलले न्हाय कुणाला. माझ्याजवळ ठेवलं तर माझ्यामुळंच जाईल ते."

तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. सगळा हिशोब करून झालेला होता तिचा. पोटातल्या लेकराला दुसऱ्याच्या घरी ठेवून दुरून बघायचं, आणि लोक मोठ्या मनाची म्हणतील तर म्हणू द्यायचं. आलिया तिथंच उभी होती, ओढणीचं टोक तोंडात घालून.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? पट्टी घेतली, पेन घेतलं आणि रजिस्टरात उभी रेघ मारली. वर लिहिलं, 'घरात लहान मूल?' पुढं एका साहेबांनी तपासणीत विचारलं, हा रकाना कुणाच्या आदेशानं वाढवला? मी म्हटलं, माझ्या. त्यांनी शेरा मारला, 'विहित नमुन्यात बदल करू नये.' मी पुढच्या रजिस्टरातही रेघ मारली.

नसीम गुरुवारी आली, आलियाला घेऊन. मी तिला पहिल्यापासून सांगायला बसले. या वेळी फक्त लेकराचं. खरं तेच सांगायचं ठरवलं होतं, कारण मोबाईलनं सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हा विषाणू लागला तर जिवावर बेतू शकतं. पण तो लागतो कसा? आईला बाळंतपणाच्या तोंडावर पहिल्यांदाच हा आजार झाला, तर धोका मोठा. तुझं तसं नाही. तुला आधीच होऊन गेला. तुझ्या रक्तात त्याच्याशी लढणारे तयार झालेत, आणि त्यातले काही पोटातल्या बाळाला मिळतात. शेवटच्या महिन्यात डॉक्टर गोळ्या देतील. कळा सुरू झाल्या की तपासतील. फोड असले, नुसती आग होत असली, तरी तू सांगायचंस. मग ऑपरेशन करून बाळ वरून काढतील. नसले तर नेहमीसारखं बाळंतपण. आणि नंतर बाळाला पाजायचं, घ्यायचं, झोपवायचं, सगळं करायचं. छातीवर फोड नसला की दुधाला काही धोका नाही. हाताला हा आजार नसतो. हात साबणानं धुतले की झालं.

"खरं?"

"खरं."

"माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगा." मग स्वतःच म्हणाली, "न्हाय, तिची नका घेऊ."

आलियाच्या नाकातून शेंबूड ओठापर्यंत आला होता. मी म्हटलं, "नाक पूस तिचं." नसीमनं पिशवीत रुमाल शोधला. रुमाल नव्हता. ती माझ्याकडं बघायला लागली. मी मुद्दाम जागची हलले नाही. शेवटी पोरीनंच फ्रॉक वर करून नाक पुसलं. त्या दिवशी माझं सगळं ज्ञान त्या फ्रॉकपुढं हरलं. माणसाला पटणं आणि माणसाचा हात पुढं येणं यांत किती अंतर असतं, ते मला तिनं शिकवलं.

तरी ती येत राहिली. दर पंधरा दिवसांनी, डोळे दाखवायला. दिवाळीनंतर एकदा आली तेव्हा आलियाचा हात हातात होता. मी बघितलं, पण काही बोलले नाही. अशा वेळी कौतुक केलं की माणूस बुजतं. आत आल्यावर तीच म्हणाली, "हिला घेते आता जवळ. मोठी हाय ही, तगडी हाय. पर ते कोवळं राहतंय, म्याडम. त्याला घ्यायचं मन व्हत न्हाय." नणंदेचा बेत कायम होता.

जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या जरा आधी, ती आमच्याच दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. फोड नाही, आग नाही, अंग स्वच्छ. पहाटे साधं बाळंतपण झालं. मुलगी. वजन चांगलं, रडणं खणखणीत. मी दहा वाजता कामावर आले आणि पिशवी ठेवून थेट वॉर्डात गेले.

नसीम खाटेवर पडून होती, दोन्ही हात अंगालगत सरळ. बाळ शेजारच्या पाळण्यात. वॉर्डाच्या सिस्टर माझ्यावरच चिडल्या. "तुमची बाई लेकराला हात लावत नाही. मी धरून छातीला लावलं, तेवढं प्यायलं. हिचे हात बघा, काठ्या झाल्यात." त्यांना आजार माहीत होता, म्हणून त्या माझी बाई म्हणत होत्या. मी नसीमजवळ बसले. सगळं परत सांगितलं. तिनं मान डोलावली. सगळं तिला पाठ होतं. हात हलले नाहीत.

"नणंदेला फोन केला?" मी विचारलं.

"आज सांजच्याला करणार हाय," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचे सासरे आले. त्यांना सगळे चाचाच म्हणायचे, मीही. धुतलेला पांढरा कुडता, टोपी, हातात रुमालाची छोटी पुरचुंडी. बाळाच्या कानात अजान सलीमनं पहाटेच दिली होती. आता घुट्टी द्यायची होती. त्यांच्याकडं रीत अशी की घरातल्या किंवा गल्लीतल्या भल्या माणसानं खजूर चावून मऊ करायचा आणि त्याचा इवलासा अंश बोटानं बाळाच्या टाळूला लावायचा. ज्याची घुट्टी, त्याचा स्वभाव लेकराला येतो म्हणतात. आमच्यातही मधाचं बोट चाटवताना हेच बोलतात. चाचांनी उभ्या आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, म्हणून निम्म्या येडशीची लेकरं त्यांच्याकडं घुट्टीला यायची. त्यातलाच एक आता निवडणुकीत भोंगा लावून फिरतो, पण त्याला चाचांचा इलाज नाही.

पाळण्याच्या वरच भिंतीवर सरकारी तक्ता होता, 'पहिले सहा महिने फक्त आईचे दूध'. सिस्टरनी खजूर बघितला आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय अशी पाठ फिरवली. नियम मलाही पाठ होता. पण तुटेपर्यंत ताणू नये, अशातली मी. बोटाच्या टोकाएवढ्या खजुरासाठी म्हाताऱ्या माणसाला वॉर्डाबाहेर काढायचं माझ्या जिवावर आलं असतं.

चाचांनी पुरचुंडी सोडली, खजूर तोंडाजवळ नेला आणि मला त्यांचा ओठ दिसला. खालच्या ओठाच्या कडेला फोडांचा ताजा पुंजका, अर्धा फुटलेला.

"चाचा, थांबा!" मी इतक्या जोरात बोलले की पलीकडच्या दोन बाळंतिणी उठून बसल्या.

चाचा थांबले. खजूर हातातच राहिला. मी जवळ गेले, आवाज खाली आणला. "ओठाला काय झालंय?"

"काई न्हाय जी. चार दिवस ताप व्हता. ताप मुतलाय."

"चाचा, हे फोड आहेत तोवर बाळाला तोंड लावायचं नाही. मुकाही घ्यायचा नाही आणि तुमच्या तोंडातलं काही द्यायचं नाही. मोठ्यांना याचं काही होत नाही, पण आजच्या लेकराला यातून लागलं तर जिवावर बेततं. क्वचित होतं. पण झालं तर हातात काही राहत नाही."

सून ऐकतेय, पाच-सहा परक्या बायका ऐकतायत, आणि मी, दुसऱ्या जातीधर्माची बाई, आजोबालाच नातीजवळ जाऊ नका म्हणतेय. ते रागावले असते तर माझ्याकडं काय होतं? पण चाचा रागावले नाहीत. त्यांनी रुमाल ओठाला लावला आणि तीन पावलं मागं सरकले. चेहरा मात्र पार उतरला.

"म्याडम, मग मी इतक्या लेकरांना दिली की हो घुट्टी. आलियाला रोज जवळ घेऊन झोपतो."

"त्या सगळ्यांचं चांगलं झालंय, चाचा. फोड असताना जपायचं, एवढंच. आलिया मोठी आहे. फोड सुकेपर्यंत तिचाही मुका नका घेऊ."

मला वाटलं, आता जातील. पण माणूस अडून बसणारा नव्हता. हातातल्या खजुराकडं बघून म्हणाले, "मग ही घुट्टी कोण देणार?" सलीम कामावर गेला होता. घरातलं दुसरं कुणी नव्हतं. चाचांनी सुनेकडं बघितलं. "नसीम, तूच दे बेटा."

नसीमचा चेहरा पांढरा पडला. "मी? न्हाई अब्बा, मी नको."

"कामून नको? माझं तोंड आज खराब हाय. तुझं तर साफ हाय की." त्यांना काहीही माहीत नव्हतं. साधं बोलले ते. "आन् ह्या घरात तुझ्याइतकं सबूर कुणाला हाय? तुझा सुभाव येऊ दे हिच्यात."

नसीम माझ्याकडं बघत होती. टेबलाच्या पलीकडून महिनोन्महिने बघायची तशी. मी इतके महिने तिला सांगत होते, तुझ्यात विष नाही. ते मी सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ते पगारी माणसांचं बोलणं वाटत असणार. आता घरातलं सगळ्यात भलं माणूस, ज्याच्या कुशीत तिनं आपली पोर निर्धास्त टाकली होती, तेच मागं सरकून उभं होतं आणि तिला पुढं हो म्हणत होतं.

"चाचा बरोबर बोलतात," मी म्हटलं. "तुझ्या ओठावर आजवर कधी काही उठलेलं नाही. तू दिलीस तर चालेल."

सिस्टर खिडकीपासून वळल्या. साबण आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "हात कर पुढं," म्हणाल्या. नसीम उठून बसली. हात पुढं केले. सिस्टर पाणी घालत होत्या, ती साबण लावत होती, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "बास की बाई, कातडं निघंल."

चाचांनी खजूर स्वच्छ रुमालासकट खाटेच्या कडेला ठेवला आणि परत मागं झाले. नसीमनं एक तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून चावला. सिस्टरनी पाळण्यातलं बाळ उचलून तिच्या मांडीशी धरलं. नसीमनं ओठ हलवत काहीतरी म्हटलं, करंगळीच्या टोकावर तो मऊ झालेला कण घेतला आणि बाळाच्या तोंडात घातला.

बाळानं आधी तोंड वाकडं केलं. मग ती करंगळी ओठांत धरली आणि जोर लावून चोखायला लागलं. नसीमनं बोट काढून घ्यायला बघितलं, तर ते सोडेना.

"म्याडम, सोडंना," ती घाबरून म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.

सिस्टरनी कुणालाही न विचारता खालचे हात हळूच काढून घेतले. बाळ एकदम जड झालं, कलंडायला लागलं, आणि नसीमचा दुसरा हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला. तिनं त्याला उचलून छातीशी घेतलं. मग ती मोठ्यानं रडली. चाचांना वाटलं, आनंदानं रडतेय, आणि ते खरंही होतं. मीही रडले. अठरा वर्षांत वॉर्डात रडलेली तेवढीच.

संध्याकाळी निघताना मी परत डोकावले. नसीम बाळाला पाजत होती. नणंदेला फोन केलास का, असं मी विचारलं.

"केला," ती म्हणाली. "म्हणलं, भाची झालीय. बघायला ये."